काहिलीवर झाकण ठेवून गूळ होत नाही: टोकाच्या टाकीतला क्लोरोफॉर्म हवेनं कसा काढायचा

प्रश्न असा आला आहे: “करवीर तालुक्यात पंचगंगेकाठच्या पाच गावांच्या पाणी योजनेचं काम माझ्याकडं आहे. नदीचं पाणी, तुरटी, वाळूचे फिल्टर, शेवटी क्लोरीन. शेवाळ धरू नये म्हणून जॅकवेलमध्येही (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीत) थोडं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. परवाच्या तपासणीत फिल्टर हाऊसमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरोफॉर्म लिटरला ९० मायक्रोग्रॅम आला आणि शेवटच्या गावच्या उंच टाकीत २४०. टाकी दोन लाख लिटरची आहे, गावाचा रोजचा वापर ८०-८५ हजार लिटर. ठेकेदार म्हणतो, फिल्टर हाऊसच्या तोंडाशी असलेलं कारंजं मोठं करू, हवा लागली की वायू उडून जाईल. समितीतले एक सदस्य म्हणतात, क्लोरीनच निम्मं करा. काय करावं?”

दोन्ही करू नका. ठेकेदाराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्याची जागा चुकलीय. सदस्यांचं म्हणणं मात्र धोक्याचं आहे, म्हणून आधी ते निकालात काढू.

भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, क्लोरोफॉर्मला लिटरमागं ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा देतं, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. तुमचे २४० त्याच्या वर आहेत, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ३०० आहे. अमेरिकेत चारही ट्रायहॅलोमिथेन (क्लोरीनमुळं पाण्यात तयार होणारा क्लोरोफॉर्म आणि त्याची तीन भावंडं) मिळून ८० च्या वर जाऊ देत नाहीत, तेही वर्षभराची सरासरी धरून. या सगळ्या मर्यादा माणूस वर्षानुवर्षं तेच पाणी पितो असं धरून बांधलेल्या आहेत. २४० चा रिपोर्ट आला म्हणून उद्या गावात कोणी आजारी पडत नाही. क्लोरीन निम्मं केलं आणि कुठंतरी गटारातून जाणाऱ्या पाइपाचा सांधा गळका निघाला, तर पंधरा दिवसांत दवाखान्यात रांग लागते. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली होती, माणसं गेली त्यात. आपल्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, त्याच नदीच्या काठाला. त्यामुळं शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन मिळालाच पाहिजे, पावसाळ्यात त्याहून जास्त, ही अट पक्की धरा. बाकीचा सगळा हिशोब तिच्या आत बसवायचा.

ही अट बघताना एक गोष्ट तपासा. गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट (ऑर्थोटॉलिडिन घालून क्लोरीन बघायची चाचणी) करतो, पिवळा रंग आला की वहीत ‘पॉझिटिव्ह’ लिहितो. तो पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा आहे की अमोनियाशी जोडलेल्या क्लोरीनचा, हे ओटी नीट सांगत नाही. नदीत सांडपाणी मिसळतं तेव्हा अमोनिया असतोच. मोकळा क्लोरीन वेगळा दाखवणाऱ्या डीपीडीच्या गोळ्या आणा. ओटीचं रसायन तब्येतीलाही चांगलं नाही, ती बाटली कपाटात गेलेली बरी.

आता कारंजं. फिल्टर हाऊसच्या दारात पायऱ्यापायऱ्यांवरून पाणी पडतं, शाळेची सहल आली की पोरांना तेच दाखवतात. त्याचं काम वेगळं आहे. पाण्यातला कुजका वास, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड घालवणं, लोह असेल तर त्याला ऑक्सिजन देऊन खाली बसायला लावणं. क्लोरोफॉर्म तिथं जवळजवळ नसतोच. तो जन्मतो क्लोरीन टाकल्यावर. तुमच्याकडं जॅकवेलमध्येच टीसीएल पडतंय म्हणून थोडा तिथंही असेल, पण २४० पैकी मोठा वाटा पुढं, फिल्टरनंतर, पाइपात आणि टाकीत तयार झालाय. जे अजून जन्मलंच नाही ते कारंज्यानं उडवणार कसं? त्या कारंज्याच्या आणखी चार पायऱ्या वाढवल्या तर सिमेंटवाल्याचं भलं होईल, बाकी काही नाही.

क्लोरीन जंतू मारतो आणि उरलेल्या वेळात पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यावर चालून जातो. कुजलेला पाला, जलपर्णी, शेवाळ, सांडपाणी, उसाच्या रानातून वाहून आलेला काळपट रस, सगळं त्यात आलं. त्या झटापटीतून ट्रायहॅलोमिथेन निघतात. ही गोष्ट जगाला कळून फार वर्षं झाली नाहीत. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातल्या योहानेस रूक यांनी १९७४ साली ती मांडली, आणि कशी मांडली ते आपल्या विषयाला धरून आहे. त्यांनी बंद बाटलीतल्या पाण्यावरची हवा तपासली. क्लोरोफॉर्म पाण्यातून उठून त्या हवेत आलेला होता. शोध लागला तो ज्या गुणामुळं, त्याच गुणावर त्याला बाहेर काढण्याचा उपाय उभा आहे.

किती तयार होणार हे चार गोष्टींवर ठरतं: सेंद्रिय द्रव्य किती, क्लोरीन किती, पाणी किती गरम, आणि वेळ किती मिळाला. पीएच वाढला तर ट्रायहॅलोमिथेनही वाढतात. आपल्याकडं दोन हंगाम वाईट. एक, जूनचा पहिला पाऊस. वर्षभर रानात, नाल्यात साठलेलं सगळं एका आठवड्यात नदीत येतं. दुसरा, एप्रिल-मे. नदी आटलेली, राधानगरी धरणातून पाणी सुटेपर्यंत डोहात जलपर्णी, आणि पाणी कोमट. या दुसऱ्या हंगामात फसगत होते. पाणी दिसायला स्वच्छ, गढूळपणा पाच-सात एनटीयू, म्हणून आपला केमिस्ट तुरटी कमी करतो. गढूळपणा डोळ्याला दिसतो, विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य दिसत नाही. नेमकं ज्या महिन्यात जास्त तुरटी लागते त्या महिन्यात आपण काटकसर करतो.

धरणाचं पाणी आलं की हा प्रश्न सुटेल, असं बरेच जण म्हणतात. कोल्हापूर शहरासाठी काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन २०२३ च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचली तेव्हाही हे ऐकलं होतं. सांडपाण्याचा त्रास धरणाच्या पाण्यात नसतो, ते खरंच. पण जंगलातला पाला कुजून जो चहासारखा अर्क पाण्यात उतरतो, तो ट्रायहॅलोमिथेनचा कच्चा माल आहे. पाणी स्वच्छ आहे याचा अर्थ कच्चा माल नाही असा होत नाही.

तुमच्या दोन आकड्यांकडं परत बघा. फिल्टर हाऊसला ९०, टोकाला २४०. म्हणजे दीडशे मायक्रोग्रॅम वाटेत आणि टाकीत तयार झालेत. दोन लाखाची टाकी, वापर पंच्याऐंशी हजार. टाकी काठोकाठ भरून ठेवत असाल तर पाणी तिथं सरासरी सव्वादोन दिवस मुक्काम करतं. त्यात मोठ्या पाइपाचा वेळ धरा. या टाक्या पुढच्या पिढीची लोकसंख्या धरून बांधलेल्या असतात, पुढची पिढी पुण्याला गेलेली असते, आणि पाणी वर बसून म्हातारं होतं. त्यामुळं पैसे खर्च करण्याआधी पातळी निम्मी करा. एक लाख लिटरवर गाव व्यवस्थित चालेल. आग विझवण्यासाठी किंवा वीज गेल्यावर लागणारा साठा किती ठेवायचा ते सरपंचांशी बोलून ठरवा, पण काठोकाठ नको.

आता हवा देणं म्हणजे नक्की काय. गुऱ्हाळात काहील बघितलीय ना? रसातलं पाणी वाफेनं जातं, कारण वरची वाफ वाऱ्यानं निघून जाते. काहिलीवर झाकण घाला आणि गुळव्याला म्हणा आता आटव. तो तुम्हाला काय म्हणेल ते इथं लिहिता येणार नाही. क्लोरोफॉर्मचंही तेच. तो पाण्यात आणि पाण्यावरच्या हवेत एका ठरावीक प्रमाणात वाटून बसतो. २५ अंशाला हवेतलं प्रमाण पाण्यातल्याच्या साधारण ०.१५ पट. समतोल झाला की पुढं एक रेणूही जास्तीचा जात नाही, पाणी कितीही घुसळा.

हा ०.१५ चा आकडा तुमच्या टाकीला लावून बघू. टाकी निम्मी भरलेली, पाणी १०० घनमीटर म्हणजे एक लाख लिटर, वर रिकामी जागाही १०० घनमीटर, मॅनहोल बंद. आत कितीही मोठं कारंजं लावलं तरी क्लोरोफॉर्मचा फक्त तेरा टक्के भाग हवेत जाऊन थांबणार. ०.१५ ला १०० नं गुणा, १५ येतात; ११५ मधले १५. बस. २४० चे २०९ होतील. कारंजं चालू आहे, मोटर गरम होतेय, बिल येतंय, आणि आकडा तिथून पुढं हलत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका गावात टाकीत फवारे बसवून दिले होते, पहिल्या महिन्यात आकडा निम्म्याच्या खाली आला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जिथल्या तिथं. नोझल साफ केले, पंप बघितला, काही सापडेना. शेवटी वर चढलो. दिवाळीला टाकीला रंग दिला होता, तिरंगी पट्टे आणि गावाचं नाव. रंगाऱ्यानं मन लावून व्हेंटची (टाकीतली हवा बाहेर जायच्या झरोक्याची) जाळीही ऑइलपेंटनं रंगवली होती. डास येऊ नये म्हणून बसवलेल्या बारीक जाळीचं एकेक छिद्र भरलेलं. नखानं खरवडलं तर निळा पापुद्रा निघाला. वायरब्रशनं जाळी साफ केली, पंधरा दिवसांत आकडा खाली. तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी व्हेंटबद्दल बोलतो, कारंज्याबद्दल नंतर.

तर हवा किती लागेल? टाकीत तळातून बुडबुडे सोडले आणि प्रत्येक बुडबुडा क्लोरोफॉर्मनं पूर्ण भरून वर आला असं धरू. पाण्यातलं प्रमाण निम्मं करायला एका घनमीटर पाण्यामागं साडेचार घनमीटरच्या वर हवा लागते. २४० चे १०० करायचे तर सुमारे सहा. १०० घनमीटर पाण्याला ६०० घनमीटर. हा सगळ्यात कमी आकडा झाला. प्रत्यक्षात पाणी सगळीकडं सारखं ढवळलं जात नाही, थंडीत क्लोरोफॉर्म पाण्याला जास्त चिकटून राहतो, म्हणून मी दुप्पट धरतो. १२०० घनमीटर.

इथं आपल्या एक वेळ पाणी सोडण्याच्या पद्धतीचा, जिला आपण रोज शिव्या देतो, थोडा फायदा आहे. टाकी संध्याकाळी भरते, सकाळी सहाला चावी सुटते. मधले आठ तास पाणी बसून असतं, आत येणं नाही, बाहेर जाणं नाही. पाणी सतत वाहत असताना हवा दिली तर नवं पाणी मिसळत राहतं आणि तेवढ्याच परिणामाला बरीच जास्त हवा लागते. बसलेल्या पाण्याला द्या. १२०० घनमीटर आठ तासांत, म्हणजे ताशी १५०. पाण्याची खोली दोन मीटर, पाइपातली घट धरून साधारण पाव बारचा दाब. तीन एचपीच्या ब्लोअरमध्ये (हवा ढकलणाऱ्या यंत्रात) बसतं. रात्रीत सोळा-सतरा युनिट वीज. टाकीपर्यंत पाणी चढवणाऱ्या तुमच्या रायझिंग मेनच्या पंपाच्या बिलापुढं हे काहीच नाही.

ब्लोअर घेताना हमखास विचारलं जातं, टाकी पंधरा मीटर उंच आहे, हवा वर चढवायला मोठी मोटर लागेल ना? नाही लागत. हवा वर चढवायला दाब लागत नाही, तो लागतो पाण्याखाली सोडायला. ब्लोअर खाली खोलीत ठेवा, पाइप वर न्या. फक्त पाइप टाकीत उतरवण्याआधी पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वर एक वळसा घेऊ द्या आणि पाणी उलट येऊ न देणारा नॉनरिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेली की टाकीतलं पाणी सायफननं थेट ब्लोअरमध्ये.

आणि पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर नको. हा जुगाड मी दोनदा पाहिलाय. त्यातून हवेबरोबर तेलाचे बारीक कण येतात, चार दिवसांनी पाण्यावर इंद्रधनुष्य दिसतं. तेल न लागणारा रिंग ब्लोअर घ्या, त्याच्या तोंडाला हवेचा फिल्टर लावा. ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवतात, काजळी उडते, मळीचा वास येतो. ती हवा पिण्याच्या पाण्यातून नेताय हे लक्षात असू द्या. फिल्टरचा कागद दर महिन्याला काढून उजेडाकडं धरा.

आत गेलेली हवा बाहेरही आली पाहिजे. बुडबुड्यांच्या पद्धतीत हे आपोआप होतं, कारण ब्लोअर नवी हवा आत ढकलतोच, पण व्हेंट तेवढं मोठं हवं आणि जाळी उघडी हवी. फवाऱ्याच्या पद्धतीत मात्र वेगळा पंखा लागतोच. फवारा तुमच्याकडं मला आवडत नाही, कारण जुन्या पंपाकडं नोझलपुरता दाब शिल्लक नसतो. ज्यांच्याकडं दाब आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: सगळी गंमत थेंबाच्या आकारात आहे. एक लिटर पाण्याचे दोन मिलिमीटरचे थेंब केले तर त्यांचा पृष्ठभाग तीन चौरस मीटर होतो, एक मिलिमीटरचे केले तर सहा. जाड धारेचं कारंजं दिसायला रंकाळ्यावरच्या कारंज्यासारखं छान, कामाला शून्य.

बाहेर पडणाऱ्या क्लोरोफॉर्मची भीती कोणी घातली तर हिशोब करून दाखवा. १०० घनमीटरमधून लिटरमागं १४० मायक्रोग्रॅम काढले म्हणजे रात्रीत चौदा ग्रॅम, तेही पंधरा मीटर उंचावर मोकळ्या वाऱ्यात. फक्त टाकी धुवायला माणूस आत उतरवायचा असेल तेव्हा मॅनहोल उघडून आधी तासभर ब्लोअर चालू ठेवा, आणि बाहेर दोरी धरून एक जण उभा करा. हे क्लोरोफॉर्मसाठी नाही, बंद टाकीत उतरायचा तो नियमच आहे.

आता या उपायाच्या मर्यादा सांगतो. त्या सांगितल्या नाहीत तर सहा महिन्यांनी तुम्ही मलाच फोन कराल.

पहिली मर्यादा अशी की हवेला सगळे ट्रायहॅलोमिथेन सारखे मानत नाहीत. चार भावंडं आहेत. क्लोरोफॉर्म सहज उडतो, ब्रोमोडायक्लोरोमिथेन त्याच्या खालोखाल, डायब्रोमोक्लोरोमिथेन आणखी जड, आणि ब्रोमोफॉर्मला क्लोरोफॉर्मच्या सहा-सातपट हवा लागते. ब्रोमीन किती घुसणार ते पाण्यातल्या ब्रोमाइडवर. खाडीकाठच्या गावांत, जिथं विहिरीला समुद्राचं पाणी लागतं, तिथं हा उपाय महाग पडतो. आपल्या नदीच्या गोड पाण्यात मुख्य वाटा क्लोरोफॉर्मचा असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये चारही आकडे वेगवेगळे मागा. नुसती बेरीज घेऊन ब्लोअर ठरवता येत नाही.

दुसरी मर्यादा मोठी आहे. क्लोरीन टाकल्यानं हॅलोअॅसेटिक आम्लंही तयार होतात आणि ती उडत नाहीत. पाण्यातून कितीही हवा सोडा, ती जागची हलणार नाहीत. त्यांना कमी करायचा मुख्य रस्ता म्हणजे कच्चा माल आधी काढून टाकणं. म्हणून ब्लोअर आणला की फिल्टर हाऊसमधली कामं सोडून दिली, असं होऊ देऊ नका. रिपोर्टमधला क्लोरोफॉर्मचा आकडा सुंदर दिसेल आणि बाकीचं तसंच राहील.

तिसरी, क्लोरोफॉर्म पुन्हा तयार होतो. हवेनं तयार झालेला माल गेला, पण क्लोरीन शिल्लक आहे आणि सेंद्रिय द्रव्यही शिल्लक आहे. पुढच्या पाइपात, आणि आपल्याकडं घरोघरच्या पिंपात, सिंटेक्समध्ये, हौदात ते पुन्हा सुरू होतं. म्हणूनच टोकाची टाकी योग्य. तिथं पोचेपर्यंत बहुतेक क्लोरोफॉर्म तयार होऊन गेलेला असतो, नंतर तयार होणारा थोडा. हेच तुम्ही फिल्टर हाऊसच्या संपमध्ये (जमिनीतल्या साठवण टाकीत) केलं तर ९० चे ४० होतील आणि टोकाला जाईपर्यंत पुन्हा १९०.

मोकळा क्लोरीन मात्र हवेनं फारसा जात नाही. लोक घाबरतात, पण आपल्या पाण्याच्या पीएचला तो पाण्यात घट्ट असतो. जातो तो कार्बन डायऑक्साइड, आणि तो गेला की पीएच चढतो. साडेसातला मोकळ्या क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारायच्या जोमदार रूपात असतो, आठला पाव. म्हणजे आकडा तोच दिसतो, ताकद कमी झालेली. पहिला महिनाभर सकाळी चावी सोडण्याआधी टाकीतला पीएच आणि क्लोरीन दोन्ही लिहा. पीएच आठच्या वर जात असेल तर हवा थोडी कमी करा किंवा क्लोरीन थोडं वाढवा.

ब्लोअरची ऑर्डर देण्याआधी एक बादली चाचणी करा. खर्च माशांच्या टाकीच्या पंपाचा. टोकाच्या टाकीतलं पाच लिटर पाणी काचेच्या भांड्यात घ्या. मिनिटाला अडीच लिटर हवा देणारा पंप बारा मिनिटं चालवला तर तीस लिटर हवा होते, म्हणजे पाण्याच्या सहापट. आधी एक नमुना, नंतर एक. तिसरा नमुना हवा दिलेल्या पाण्याचाच, पण तो बाटलीत काठोकाठ भरून, झाकण लावून दोन दिवस अंधारात ठेवा आणि मग तपासायला द्या. तो किती चढला यावरून कळेल, गावातल्या पिंपात किती परत येणार आहे. दुसरा आकडा चांगला आणि तिसरा वाईट आला तर ब्लोअर घेऊ नका, ते पैसे तुरटी आणि जार टेस्टकडं (भांड्यांत तुरटीचं प्रमाण ठरवायच्या चाचणीकडं) वळवा.

नमुना घेणं ही यातली सगळ्यात नाजूक गोष्ट, आणि यात मी स्वतः आपटलोय. नोकरीच्या सुरुवातीला एका योजनेचे नमुने मी बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्यांत नेले होते. तीनचतुर्थांश भरलेल्या, झाकणं ढिली, एसटीच्या टपाजवळ ठेवलेल्या, मे महिना. रिपोर्ट आला, क्लोरोफॉर्म नाहीच. साहेब खूश, मी खूश. दोन महिन्यांनी एका जाणत्या बाईंनी, प्रयोगशाळेत त्या होत्या, मला समोर बसवून विचारलं, “बाटली काठोकाठ भरली होती का, झाकण घट्ट होतं का?” दोन्ही नव्हतं. तेच माझं उत्तर होतं. माल बाटलीतल्या हवेत चढत राहिला आणि ढिल्या झाकणातून बाहेर जात राहिला. त्यांनी शिकवलेलं आजही तसंच करतो. चाळीस मिलिलिटरची काचेची बाटली, टेफ्लॉनचा पडदा असलेलं झाकण. आत आधीच सोडियम थायोसल्फेटचा कण, म्हणजे क्लोरीन तिथंच मरतो आणि वाटेत नवा क्लोरोफॉर्म तयार होत नाही. नळाची धार बारीक, पाणी बाटलीच्या भिंतीवरून उतरू द्यायचं, तोंडावर फुगीर थेंब उभा राहीपर्यंत. झाकण लावून बाटली उलटी करायची. वाटाण्याएवढा जरी बुडबुडा वर चढला तरी ओतून परत भरायची. मग बर्फात. दोन दिवस ठेवायचा तो तिसरा नमुना मात्र थायोसल्फेटशिवाय ठेवायचा आणि प्रयोगशाळेत द्यायच्या वेळी घालायचं, नाहीतर वाट बघण्याला अर्थच नाही.

तुमचा २४० चा नमुना असाच घेतला होता का, हे आधी विचारा. बाटली अर्धी भरलेली होती असं निघालं तर खरा आकडा २४० हून जास्त आहे. थायोसल्फेट घातलंच नव्हतं तर उलट, कमी असू शकतो.

कामाचा क्रम मी असा लावला असता. उद्यापासून जॅकवेलमधलं टीसीएल बंद. नदीचा अख्खा कच्चा माल, पाल्यासकट, तुम्ही क्लोरीनला खाऊ घालताय. तुरटीनं आणि वाळूनं जेवढं निघतं तेवढं आधी निघू द्या, क्लोरीन फिल्टरनंतर. सेटलिंग टँकच्या भिंतीला शेवाळ धरेल, तेव्हा दर आठवड्याला ब्रश मारायला माणूस लावा. माणसं कुरकुर करतील. क्लोरीन पडल्यापासून पहिल्या नळापर्यंत अर्धा तास तरी संपर्क मिळतोय ना, हे संपच्या आकारावरून मोजून घ्या. जॅकवेलचं बंद केल्यावर हे बघणं जास्त गरजेचं.

मग जार टेस्ट, या वेळी नुसत्या गढूळपणावर नाही. सहा भांड्यांत तुरटी वाढवत न्या आणि प्रत्येकाचा पीएच मोजा. तुरटी पीएच खाली आणते, आणि सेंद्रिय द्रव्य सहा ते साडेसहाच्या आसपास चांगलं पकडलं जातं. गढूळपणा त्याच्या वरही बसतो म्हणून आपण तिथंच थांबतो. प्रत्येक भांड्यातलं वरचं पाणी टीओसीसाठी (एकूण सेंद्रिय कार्बन मोजायला) पाठवता आलं तर उत्तम. ते महाग पडत असेल तर २५४ नॅनोमीटरला अतिनील प्रकाश किती शोषला जातो त्यावरून सेंद्रिय द्रव्याचा अंदाज घेतात, कुठल्याही बऱ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते यंत्र असतं. पीएच खाली गेला की पुढं चुना घालून वर आणावा लागतो, नाहीतर पाणी पाइप खातं, आणि शिल्लक ॲल्युमिनियमवर लक्ष ठेवावं लागतं. हे सगळं केमिस्टला वाढीव काम आहे. त्याला भत्ता मिळत नसेल तर आधी तेवढं बघा.

त्याच आठवड्यात टाकीची पातळी निम्मी आणि टाकी धुणं. तळाला बसलेला गाळ हाही कच्चा मालच. गाळ बाहेर सोडायच्या शेवटच्या वॉशआऊटमधून चॉकलेटी पाणी येत असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. एवढं केल्यावर महिन्याभरानं पुन्हा नमुने. टीसीएल बंद, पातळी निम्मी, तुरटी ठीक, एवढ्यावरच आकडा दोनशेच्या बराच खाली येईल असा माझा अंदाज आहे. एप्रिल-मेमध्येही तो खाली राहिला तर ब्लोअर घेऊच नका. राहिला नाही तर वर सांगितलेला तीन एचपीचा घ्या, आणि तोवर बादली चाचणीचे तिन्ही आकडे हातात असू द्या.

गावात बातमी फुटली असेल, कोल्हापुरात काही लपत नाही. लोक विचारतील, घरात काय करू? उकळू द्या म्हणावं, पण झाकण न ठेवता, खिडकी उघडी ठेवून. पाच मिनिटं खळखळून उकळलं की क्लोरोफॉर्मचा बहुतेक भाग जातो. कार्बनचा फिल्टर असेल तर तोही पकडतो, फक्त कांडी वेळेवर बदलायला हवी. आणि न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडते तिथं झरोका उघडा ठेवायला सांगा, कारण क्लोरोफॉर्म श्वासातूनही जातो. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन राहत नाही, तेव्हा ते झाकून ठेवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. तांब्याच्या घागरीत हात बुडवून पेला भरणाऱ्या आजीला हे दोनदा सांगावं लागेल.